वचनाचे ऋण : थोरो, दुर्गाबाई आणि साहित्यिक वारशाचा प्रश्न

'वारसा' हा शब्द आपल्या वाङ्मयेतिहासात इतक्या सैलपणे वापरला जातो की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. एका कवीचा वारसा दुसऱ्याने चालवला असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा प्रभाव अभिप्रेत असतो. एखाद्या लेखकाचा वारसा जपला पाहिजे असे म्हणतो तेव्हा ग्रंथ, हस्तलिखिते, राहते घर, स्मारक अशी मालमत्ता अभिप्रेत असते. या दोन्ही अर्थांत वारसदाराला काही तरी मिळते. त्याच्याकडून काही येणे आहे, असे मात्र त्यातून सूचित होत नाही. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या राहून गेलेल्या अर्थाचा. प्रश्न असा मांडता येईल : लेखकाचे जगणे हे त्याच्या लेखनाचे तारण असते काय? आणि असल्यास, लेखकाच्या मृत्यूनंतर त्या लेखनाची जबाबदारी कोणावर येते?

हा प्रश्न केवळ तात्त्विक पातळीवर सोडवू गेल्यास तो सोयीस्कर सामान्य विधानांत विरून जातो. म्हणून येथे एक विशिष्ट उदाहरण घेतले आहे. एका बाजूला हेन्री डेव्हिड थोरो हा एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन लेखक; दुसऱ्या बाजूला १९६५ मध्ये त्याचा 'वॉल्डन' हा ग्रंथ 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने मराठीत आणणाऱ्या दुर्गा भागवत; आणि या दोहोंना जोडणारा प्रसंग म्हणजे डिसेंबर १९७५ मध्ये कराड येथे भरलेले एक्कावन्नावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन.

१.

जीवन आणि साहित्य यांच्या संबंधाविषयी मराठी समीक्षेत दोन परस्परविरोधी भूमिका नांदत आल्या आहेत. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद अशा दोन टोकांची जी चर्चा केली आहे, तिच्या आधारे त्या ओळखता येतात. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराने साहित्यकृतीच्या स्वायत्ततेचा आग्रह धरला. पाश्चात्त्य समीक्षेत विम्सॅट आणि बीअर्ड्‌स्ली यांनी १९४६ मध्ये लेखकाच्या हेतूला मूल्यमापनातून वगळले, आणि १९६७ मध्ये रोलाँ बार्थने लेखकाच्या मृत्यूचीच घोषणा केली. या सर्व भूमिकांच्या तपशिलात भेद आहेत. परंतु लेखक कसा जगला हा प्रश्न कृतीच्या मूल्याशी अप्रस्तुत आहे, यावर त्यांचे एकमत होऊ शकते.

याउलट आपल्या संतपरंपरेने उक्ती आणि कृती यांच्या ऐक्याला वाणीच्या खरेपणाची कसोटी मानले. पुढे दलित साहित्याच्या समीक्षेने अनुभवाच्या अस्सलपणाचा निकष पुढे आणला, तेव्हा तिनेही वेगळ्या कारणाने आणि वेगळ्या सामाजिक निकडीने शब्द व जगणे यांची फारकत नाकारली.

दोन्ही भूमिकांना आपापले बळ आहे. पहिली भूमिका साहित्यकृतीला चरित्रातील कुजबुजीपासून वाचवते. दुसरी वाचकाला पोकळ शब्दांपासून वाचवते. अडचण अशी की पहिली भूमिका सर्वच कृतींना बंद वस्तू मानते आणि दुसरी सर्वच कृतींना साक्ष मानते. सर्व लेखन एकाच प्रकारचे कृत्य आहे, हे गृहीतक दोघींनाही समान आहे. थोरोच्या बाबतीत नेमके हेच गृहीतक टिकत नाही.

२.

थोरोचे चरित्र थोडक्यात सांगण्यासारखे आहे. १८१७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील काँकॉर्ड येथे जन्म. १८६२ मध्ये त्याच गावी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी क्षयाने मृत्यू. ४ जुलै १८४५ रोजी तो वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या खोपटात राहावयास गेला आणि दोन वर्षे, दोन महिने, दोन दिवसांनी परतला. खोपट बांधण्यास अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट खर्च आला, हा हिशोब त्याने बाबवार ग्रंथात दिला आहे. या मुक्कामातच, जुलै १८४६ मध्ये, गुलामगिरीला आश्रय देणाऱ्या शासनाला डोईपट्टी देण्याचे नाकारल्याबद्दल त्याला एक रात्र तुरुंगात काढावी लागली. त्या अनुभवावरील व्याख्यान १८४९ मध्ये निबंधरूपाने छापले गेले. 'सविनय कायदेभंग' या अर्थाचे त्याचे आजचे प्रसिद्ध शीर्षक मात्र १८६६ मध्ये, म्हणजे मरणोत्तर, आले. 'वॉल्डन' १८५४ मध्ये दोन हजार प्रतींच्या आवृत्तीने निघाले. त्याआधीच्या पहिल्या पुस्तकाच्या हजार प्रतींपैकी सातशे सहा न खपता त्याच्याच घरी परत आल्या होत्या.

हे चरित्र तारण म्हणून स्वीकारू लागलो तर ते लगेच कमी पडते. ज्या जमिनीवर तो एकांतात राहिला ती त्याचा मित्र इमर्सन याची होती. तळे गावापासून फार दूर नव्हते. तो वरचेवर घरी जाई, मित्रांकडे जेवी. तुरुंगातून तो दुसऱ्या दिवशी सुटला तो कोणीतरी त्याची पट्टी परस्पर भरली म्हणून. शिवाय ग्रंथातील 'मी' हा चरित्रातील थोरो नव्हेच, असेही दाखवता येते. दोन वर्षांचा मुक्काम ग्रंथात ऋतुचक्राच्या एका फेऱ्यात बसवला आहे आणि संहितेचे अनेक खर्डे लेखकाने वर्षानुवर्षे पुन्हा लिहिले आहेत. ज्याला आपण साक्ष समजतो ती रचना आहे. ढोंगीपणाचा जो आरोप थोरोवर वारंवार होतो, त्याचे मूळ येथे आहे.

मग स्वायत्ततावादी भूमिका घेऊन हा ग्रंथ केवळ एक सुघटित रचना म्हणून वाचावा काय? तेही जमत नाही. ग्रंथात खर्चाचे जे आकडे आहेत, ते लयीसाठी किंवा प्रतिमेसाठी आलेले नाहीत. इतक्या खर्चात, इतक्या श्रमात माणसाला राहता येते, हे मी राहून पाहिले, असे ते आकडे म्हणतात आणि वाचकाला स्वतःचा हिशोब मांडावयास लावतात. वाचक तो हिशोब मांडो वा न मांडो. परंतु तशी मागणीच नाही असे समजून केलेले वाचन हे त्या संहितेचे अपुरे वाचन ठरेल. मागणी ही येथे रूपाचाच घटक आहे.

३.

या मागणीचे स्वरूप समजून घेण्यासाठी मराठी भाषेनेच एक सोय करून ठेवली आहे. 'वचन' या शब्दाचा एक अर्थ बोलणे असा आहे, आणि दुसरा, दिलेला शब्द. संतांची वचने आपण उद्‌धृत करतो आणि दशरथाने दिलेल्या वचनाची गोष्ट सांगतो, तेव्हा शब्द एकच असतो. जे. एल. ऑस्टिन या तत्त्ववेत्त्याने १९५५ मध्ये हार्वर्ड येथील व्याख्यानांत भाषिक कृतींचा जो विचार मांडला, त्याचे सार या एका शब्दाच्या दुहेरीपणात सापडते : काही बोलणे वस्तुस्थिती सांगते, काही बोलणे बोलणाऱ्याला बांधून घेते.

साहित्यकृतींमध्येही हा भेद करता येईल. १९६५ मध्येच पु. ल. देशपांडे यांनी हेमिंग्वेच्या कोळ्याची कथा 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणली. त्या कथेतील म्हातारा हार मानत नाही. तिच्या कर्त्याने २ जुलै १९६१ रोजी स्वतःवर गोळी झाडून जीवन संपवले होते. या घटनेने म्हाताऱ्याची झुंज खोटी ठरली, असे कोणी समंजस वाचक म्हणणार नाही. त्याचे धैर्य त्याचे आहे. ते त्या कथाविश्वात सिद्ध होते आणि तेथेच पुरे होते. हेमिंग्वेच्या शेवटाने आपण व्यथित होऊ, पण फसवले गेलो असे आपल्याला वाटणार नाही. उलट, थोरोने तळ्याकाठी पाऊलही न टाकता 'वॉल्डन' लिहिले होते असे उद्या सिद्ध झाले, तर वाक्यांचे सौष्ठव तसेच राहूनही ग्रंथाचे काहीतरी मूलभूत नष्ट होईल. काल्पनिक कृती आणि वचनरूप कृती यांतील अंतर हे आहे. ते प्रतवारीचे अंतर नाही. कथा निबंधाहून कमी नैतिक असते असेही यातून निघत नाही. लेखनकृत्ये भिन्न असतात आणि म्हणून त्यांची वारसाव्यवस्थाही भिन्न असते, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

४.

वचनरूप कृतीचा वारस कोण? पहिले उत्तर सुचते ते 'प्रभावित झालेला' असे. परंतु प्रभावाची भाषा येथे फसवी आहे. गांधींचे उदाहरण पाहावे. १९०७ मध्ये 'इंडियन ओपिनियन'मधून त्यांनी थोरोच्या निबंधाचा परिचय करून दिला. म्हणून सत्याग्रहाची कल्पना थोरोकडून आली, असे पाठ्यपुस्तकी विधान रूढ झाले. स्वतः गांधींनी १९३५ मधील एका पत्रात ते नाकारले : निबंध हाती येण्यापूर्वीच दक्षिण आफ्रिकेतील प्रतिकार पुष्कळ पुढे गेला होता, असे त्यांचे म्हणणे. मग गांधी थोरोचे वारस नव्हेत काय? कार्यकारणाच्या दृष्टीने कदाचित नव्हेत. पण थोरोने एका रात्रीपुरते जे केले आणि लिहून ठेवले, त्याची किंमत गांधींनी वर्षानुवर्षांच्या तुरुंगवासाने दिली. ज्याच्याकडून उसने घेतले असे सिद्ध करता येत नाही, त्याचेही ऋण माणूस आपल्या शिरावर घेऊ शकतो. वारसा येथे उगमात नसून स्वीकारात आहे.

अनुवादकाचे काय? अनुवाद करणे म्हणजे ऋण स्वीकारणे नव्हे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. स्वातंत्र्योत्तर दोन दशकांत अमेरिकन ग्रंथांचे अनेक मराठी अनुवाद झाले; जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिश्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या त्याही याच काळात. अनुवादक मूळ ग्रंथातील प्रत्येक विधानाशी बांधला जातो असे म्हटले तर अनुवाद हा व्यवसायच अशक्य होईल. तरीही 'वॉल्डन'च्या अनुवादात एक अवघड जागा आहे. तेथे 'मी' म्हणावे लागते. 'मी राहून पाहिले', 'मी दिले नाही' ही वाक्ये मराठीत प्रथमच कोणीतरी उच्चारते आणि ती उच्चारणारी व्यक्ती मूळ लेखक नसते. 'ऋतुचक्र'सारखे (१९५६) निसर्गाच्या बारीक निरीक्षणावर उभे असलेले पुस्तक आधीच लिहिलेल्या दुर्गाबाईंना तळे, पाखरे, बर्फ, पालवी यांची भाषा घडवणे जड गेले नसावे. त्या ग्रंथात जो नकार आहे, त्याची मराठी मात्र शब्दकोशाच्या बळावर सिद्ध होणारी नव्हती.

५.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली. वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण आले, विरोधी नेते तुरुंगात गेले. अशा वेळी डिसेंबरमध्ये कराडला साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष दुर्गा भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, जे त्या वेळी केंद्रीय परराष्ट्रमंत्री होते. जयप्रकाश नारायण तुरुंगातून नुकतेच सुटले होते आणि मुंबईत रुग्णालयात अत्यवस्थ होते. संमेलनाध्यक्षांनी त्या व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न मांडला आणि जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. एका आजारी माणसासाठी प्रार्थना, एवढेच ते कृत्य. पण ज्या काळात त्या माणसाचे नाव जाहीरपणे आदराने घेणे हेच धाडस होते, त्या काळातले. १९७६ मध्ये दुर्गाबाईंना अटक झाली. पुढे त्यांनी शासकीय सन्मान नाकारले.

या घटनेचा साहित्यसमीक्षेशी काय संबंध, असा प्रश्न अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. तिने 'ऋतुचक्र' अधिक चांगले पुस्तक ठरते काय? नाही. 'वॉल्डनकाठी विचारविहार'मधील एखादे अडखळणारे वाक्य सुधारते काय? तेही नाही. धैर्य हा वाङ्मयीन गुण नव्हे, आणि तो तसा मानणारी समीक्षा लवकरच चारित्र्यप्रमाणपत्रे वाटणारी कचेरी होते. आणीबाणीत अनेक लेखक गप्प राहिले. त्यांच्या कवितेतील प्रतिमा त्यामुळे फिकट झाल्या नाहीत. भय वाटण्याचा अधिकार लेखकालाही आहे.

परंतु एक गोष्ट बदलते, आणि ती संहितेत बदलत नसून वाचकाच्या स्थितीत बदलते. १९७५ पूर्वी त्या अनुवादाच्या मराठी वाचकाला असे म्हणता येत होते, की हे दूर देशातल्या, वेगळ्या शतकातल्या माणसाचे विचार आहेत. आपल्याकडे ते भाषेपुरतेच आले आहेत. त्यानंतर तसे म्हणता येत नाही. ज्या लेखणीने तो नकार मराठीत उतरवला, तिच्याच धारकाने तो मराठी मुलखातील एका तालुक्याच्या गावी भरसभेत उच्चारला. वचन आपल्या भाषेत शक्य आहे, हे सिद्ध झाले. येथे जगणे हे लेखनाचा पुरावा ठरत नाही. ते वाचकाची पळवाट बंद करते.

यावर एक आक्षेप सहज येईल. दुर्गाबाईंचे धैर्य त्यांच्या स्वभावाचे फळ होते. थोरो वाचला नसता तरी त्या तशाच वागल्या असत्या. हे शक्य आहे. मात्र हा आक्षेप पुन्हा प्रभावाच्या भाषेत बोलतो. आपला दावा थोरोने दुर्गाबाईंना घडवले असा नाही. ज्या वचनाचा उच्चार त्यांनी स्वतःच्या भाषेत आपणहून केला होता, ते देय होण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी ते नाकारले नाही, एवढाच तो दावा आहे.

६.

त्या सभेत ऋणाचा दुसराही एक वारस होता, आणि त्याच्याविषयी न बोलणे अन्यायाचे होईल. यशवंतराव चव्हाण हे १९३२ च्या कायदेभंगाच्या चळवळीत ऐन तारुण्यात तुरुंगात गेलेले, बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत राहिलेले कार्यकर्ते होते. 'सविनय कायदेभंग' हा शब्द कराड-सातारा परिसरात पुस्तकातून आला नव्हता. तो लोकांच्या जगण्यातून आला होता. थोरोचे नाव ठाऊक नसलेल्या शेकडो माणसांनी त्याची किंमत दिली होती. म्हणजे १९७५ च्या त्या संमेलनात अनुवादातून आलेले ऋण आणि आयुष्यातून आलेले ऋण समोरासमोर होते. पहिल्याची वारस बोलत होती. दुसऱ्याचा वारस बोलण्यावर निर्बंध घालणाऱ्या शासनात मंत्री होता, आणि तरीही यजमान म्हणून त्याने ते व्यासपीठ उभे केले होते. यांपैकी कोणत्या बाजूला किती तोलावे, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. समीक्षकाला एवढेच नोंदवता येते, की यशवंतरावांचे 'कृष्णाकाठ' (१९८४) हे आत्मचरित्र १९४६ पाशी थांबते. त्यापुढचे खंड लिहून होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. आत्मचरित्र हाही वचनरूप वाङ्मयप्रकार आहे. त्यात १९३२ चा तुरुंग आहे. १९७५ चा डिसेंबर त्यात येऊ शकला नाही. त्या दिवसाची एक साक्ष मराठी वाङ्मयाला मिळावयाची राहिली आहे.

७.

वारसा म्हणजे ऋण, ही कल्पना आपल्या परंपरेला परकी नाही. धर्मशास्त्राने पित्याच्या मालमत्तेबरोबर त्याचे ऋणही पुत्रावर टाकले. परंतु सरसकट नव्हे. मद्य, द्यूत, कामासक्ती यांसाठी केलेले कर्ज, दंडाची वा शुल्काची बाकी, आणि वृथा दिलेली आश्वासने यांतून याज्ञवल्क्यस्मृतीने पुत्राला मुक्त ठेवले. अशा ऋणांना पुढे न्यायालयीन परिभाषेत 'अव्यावहारिक' म्हटले गेले. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात कन्येला सहदायाद केले आणि हे धर्मबंधनही संपवले.

ही जुनी व्यवस्था साहित्यिक वारशाला लावून पाहिली तर दोन गोष्टी उलगडतात. एक, लेखकाच्या आयुष्यातील उणिवा वारसाच्या माथी येत नाहीत. थोरो इमर्सनच्या जमिनीवर राहिला किंवा घरी जेवावयास गेला, ही त्याची खासगी देणी होत. ती त्याच्याबरोबर संपली. ज्यांना 'वॉल्डन'चे ऋण टाळावयाचे असते ते या देण्यांकडे बोट दाखवतात, पण त्यामुळे मूळ वचन रद्द होत नाही. गंमत अशी की स्मृतीच्या यादीप्रमाणे शुल्काची बाकीही वारसावर येत नाही. न भरलेली डोईपट्टी कोणाकडे मागावयाची नाही. जे येते ते पट्टी का भरली नाही, याचे उत्तर.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. स्मृतीतील पुत्र जन्माने ऋणी होता. साहित्यातील वारस निवडीने ऋणी होतो. रक्ताचे, भाषेचे, धर्माचे कोणतेच नाते नसलेली एक मराठी लेखिका काँकॉर्डच्या एका अपत्यहीन माणसाची वारस होऊ शकते, ती यामुळे. हे येणे-देणे एकाच दिशेने वाहते असेही नाही. वॉल्डनकाठी थोरो भगवद्‌गीता वाचत होता, चार्ल्स विल्किन्सच्या १७८५ च्या अनुवादातून.

शेवटी प्रश्न उरतो तो आपला, म्हणजे साहित्य शिकवणाऱ्यांचा व शिकणाऱ्यांचा. आपण निवडीने वारस झालो आहोत काय, की केवळ मालमत्तेचे व्यवस्थापक आहोत? पदव्युत्तर वर्गात वैचारिक निबंध शिकवताना त्याची रचना, शैली, परंपरा यांची चर्चा होते, ती व्हावीच. पण वचनरूप कृतीला आपण काल्पनिक कृतीच्याच पद्धतीने हाताळतो आणि तिची मागणी 'शैलीचे वैशिष्ट्य' या मथळ्याखाली जमा करतो, तेव्हा ते केवळ अध्यापनाचे सोयीचे तंत्र राहत नाही; ते ऋण बुडवणे असते. प्रत्येक वाचकाने तुरुंगात जावे अशी मागणी 'वॉल्डन' करीत नाही, आणि समीक्षकाने ती करणे हास्यास्पद होईल. निदान एवढे मात्र मागता येईल, की अशी कृती वर्गात वाचली जाते तेव्हा तिने विचारलेला हिशोब विद्यार्थ्यांसमोर प्रश्न म्हणून ठेवला जावा आणि शिक्षकाने त्यातून स्वतःला वगळू नये. त्याचे उत्तर उत्तरपत्रिकेत तपासता येणार नाही, ही अडचण खरी आहे. ती अभ्यासक्रमाची अडचण आहे, ग्रंथाची नव्हे.